ढालकिडे जिवंत दिसतात, तरी मावा आटोक्यात का येत नाही?

पारोळा तालुक्यातील एका कापूस उत्पादकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. ठिबकवरील बागायती कपाशीवर मावा आणि तुडतुड्यांसाठी त्यांनी आधी थायामेथोक्झामची आणि नंतर अ‍ॅसिफेट व इमिडाक्लोप्रिडच्या तयार मिश्रणाची फवारणी केली. फवारणीनंतर तिसऱ्या दिवशीही झाडांवर ढालकिडे (मावा खाणारे लेडीबर्ड भुंगेरे) फिरताना दिसत होते, त्यामुळे ‘मित्रकीटक जिवंत आहेत, म्हणजे औषध सुरक्षित आहे’ असे कृषी केंद्रावर सांगण्यात आले. प्रत्यक्षात दोन आठवड्यांच्या आत मावा पूर्वीपेक्षा जास्त झाला. ढालकिडे असूनही मावा का वाढला, आणि औषध खरोखर सुरक्षित आहे की नाही हे शेतकऱ्याने कसे ओळखावे, असे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

तुमचे निरीक्षण बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष बरोबर नाही. कीटकनाशकाने परभक्षी कीटक मेला नाही, याचा अर्थ तो पूर्वीइतकाच मावा खातो, पूर्वीसारखाच भक्ष्य शोधतो, तितकीच अंडी घालतो आणि त्या अंड्यांतून अळ्या निघतात, असा होत नाही. जीव न घेता कीटकाचे काम बिघडवणाऱ्या या परिणामांना उपघातक परिणाम म्हणतात. कीटकनाशकांच्या मित्रकीटकांवरील अशा परिणामांचा सविस्तर आढावा २००७ साली ‘अ‍ॅन्युअल रिव्ह्यू ऑफ एन्टोमॉलॉजी’ या नियतकालिकात आला आणि त्यानंतर या विषयावरील संशोधन बरेच वाढले. आपल्याकडच्या फवारणीच्या सल्ल्यांत मात्र त्याचा उल्लेख क्वचितच होतो.

औषधाची सुरक्षितता तपासण्याची सर्वांत जुनी आणि सोपी पद्धत म्हणजे ठरावीक मात्रा दिल्यावर २४, ४८ किंवा ७२ तासांत किती कीटक मेले हे मोजणे. ज्या मात्रेला निम्मे कीटक मरतात तिच्यावरून औषधांची तुलना केली जाते. परंतु शेतात प्रत्येक ढालकिड्याच्या वाट्याला पूर्ण मात्रा येत नाही. पंपाचा फवारा वरच्या पानांवर जास्त आणि खालच्या पानांच्या मागच्या बाजूस फार कमी बसतो. शिवाय पडलेले औषध ऊन, पाऊस आणि झाडाची वाढ यांमुळे दिवसागणिक कमी होत जाते. म्हणजे फवारणीच्या दिवशी जी मात्रा घातक असते, तीच काही दिवसांनी घातक राहत नाही, पण निष्प्रभही झालेली नसते. शेजारच्या मक्यातून किंवा बांधावरच्या तणातून परत येणारे ढालकिडे नेमके याच अवशेषांवर चालतात आणि याच अवशेषांनी माखलेला मावा खातात. तेव्हा उपघातक मात्रेशी संपर्क हा शेतातला अपवाद नसून तोच नेहमीचा प्रकार आहे.

आता तुमच्या शेताकडे पाहू. बीटी कपाशीचे बियाणे बहुतेक वेळा इमिडाक्लोप्रिडची प्रक्रिया करूनच येते. त्यानंतर तुम्ही थायामेथोक्झाम फवारले आणि पुढच्या फवारणीत पुन्हा इमिडाक्लोप्रिड आले. ही तिन्ही वेळची औषधे एकाच निओनिकोटिनॉइड गटातील आहेत. हा गट कीटकाच्या मज्जासंस्थेतील अ‍ॅसिटिलकोलीन या संदेशवाहक रसायनाच्या ग्राहकांना (रिसेप्टरना) चिकटून त्यांना सतत उत्तेजित ठेवतो. मात्रा पूर्ण असेल तर कीटक मरतो. कमी असेल तर तो थरथरतो, त्याची चाल बिघडते, तो काही काळ लुळा पडतो किंवा एकाच जागी बसून राहतो. तुमच्या मिश्रणातील अ‍ॅसिफेटचे कीटकाच्या शरीरात मेथामिडोफॉस या अधिक विषारी पदार्थात रूपांतर होते आणि तोही मज्जासंस्थेवरच, पण वेगळ्या ठिकाणी आघात करतो. तिसऱ्या दिवशी जे ढालकिडे ‘फिरताना’ दिसले, त्यांतील किती भक्ष्य शोधत होते आणि किती नुसते सरपटत होते, हे लांबून कळणे कठीण असते.

निओनिकोटिनॉइड गटाबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण खान्देशातील कपाशीत त्याचा वापर सर्वांत जास्त होतो आणि परभक्षी कीटकांपर्यंत तो सर्वांत जास्त वाटांनी पोहोचतो. ही औषधे आंतरप्रवाही आहेत, त्यामुळे ती रसात उतरतात. परभक्षी कीटक फक्त मांसाहारी असतो असा आपला समज असतो, पण तो खरा नाही. क्रायसोपा या जाळीदार पंखांच्या हिरव्या मित्रकीटकाचे प्रौढ पतंग मावा खातच नाहीत; ते मकरंद, पराग आणि माव्याच्या चिकट स्रावावर जगतात, आणि मावा फस्त करतात त्या त्यांच्या अळ्या. फुलकिडे खाणारा ओरियस ढेकूण आणि मोठ्या डोळ्यांचा जिओकोरिस ढेकूण भक्ष्य कमी पडले की सरळ झाडाचा रस शोषतात. कपाशीला तर फुलाबाहेरही मधुग्रंथी असतात: पानाच्या मागच्या बाजूस मुख्य शिरेवर आणि पात्याच्या (कळीच्या) बाहेरच्या हिरव्या आवरणाजवळ. मुंग्या, ढालकिडे, क्रायसोपा, गांधीलमाश्या या सगळ्यांची तिथे ये-जा असते. म्हणजे फवारा अंगावर न पडताही औषध त्यांच्या पोटात जाऊ शकते.

याचे दोन पुरावे सांगण्यासारखे आहेत. अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निओनिकोटिनॉइडची बीजप्रक्रिया केलेल्या मक्याच्या रोपांवर हार्मोनिया अ‍ॅक्सिरिडिस जातीच्या ढालकिड्याच्या अळ्या सोडल्या, तेव्हा ७२ टक्के अळ्यांमध्ये थरथर, लुळेपणा आणि तोल जाणे अशी लक्षणे दिसली आणि त्यांतील केवळ ७ टक्के अळ्या पुन्हा सावरल्या. या अळ्यांनी रोपाचा रस थोडासा चाखला होता, एवढेच. ही जात आपल्या कपाशीत नसते, त्यामुळे तोच आकडा आपल्याकडे लागू करू नये, पण वाट तीच आहे. दुसरा पुरावा स्पेनमधील लिंबूवर्गीय झाडांवरचा, २०१९ सालचा आहे. थायामेथोक्झाम किंवा इमिडाक्लोप्रिड दिलेल्या झाडांवरील पिठ्या ढेकणांच्या चिकट स्रावात औषध उतरले आणि तो स्राव खाणाऱ्या सिरफिड माश्या व परोपजीवी गांधीलमाश्या त्यामुळे मेल्या. कीड जिवंत राहिली, पण तिचा गोड स्राव मित्रकीटकांना विषारी ठरला. पाने चिकट होऊन काळी पडलेल्या कपाशीत सिरफिड माश्या आणि क्रायसोपाचे पतंग का टिकत नाहीत, याचा विचार करताना हा प्रयोग मला नेहमी आठवतो.

सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटाची, म्हणजे सायपरमेथ्रीन, डेल्टामेथ्रीन, लॅम्ब्डा सायहॅलोथ्रीन यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांचा झटका तात्काळ असतो. ढालकिडे झाडावरून खाली पडतात, पाय झाडतात, आणि त्यांतील काही दोन-चार तासांनी उठतातही. प्रयोगशाळेत ते ‘बरे झाले’ म्हणून गणले जातात. शेतात मात्र तापलेल्या काळ्या जमिनीवर उलटा पडलेला किडा मुंग्यांच्या तोंडी जातो किंवा सुकून मरतो. जे वाचतात तेही फवारलेल्या पानांवर टिकत नाहीत, कारण हा गट त्यांना चिडवतो आणि दूर ठेवतो. भक्ष्य शोधण्याचा वेळ अंग साफ करण्यात आणि उडून जाण्यात जातो. कपाशीत हे औषध लवकर वापरू नये असे केंद्रीय कापूस संशोधन संस्थेसह सर्वच संस्था सांगत आल्या आहेत, कारण त्यानंतर पांढरी माशी आणि लाल कोळी उसळतात. या उसळीमागे मित्रकीटकांचा नाश हे एक कारण आहे. दुसरे कारण असे की काही औषधांच्या अल्प मात्रेमुळे किडीचीच प्रजननक्षमता वाढते. इमिडाक्लोप्रिड दिलेल्या झाडांवर लाल कोळ्याची अंडी वाढल्याची नोंद आहे. म्हणजे एकाच अल्प मात्रेने परभक्ष्याचे काम मंदावते आणि कोळ्याचे वाढते.

सर्वांत फसवा गट मात्र वाढरोधक कीटकनाशकांचा आहे असे माझे मत आहे. ब्युप्रोफेझिन, नोव्हॅल्युरॉन आणि पायरीप्रॉक्सिफेन ही नावे तुमच्या परिचयाची असतील. प्रौढ ढालकिड्यावर ती फवारली तर तो मरत नाही, खातो, फिरतो आणि मीलनही करतो, त्यामुळे ‘मित्रकीटकांना सुरक्षित’ ही जाहिरात त्याच्या बाबतीत वरवर खरी वाटते. पण अळी कात टाकू शकत नाही, कोषातून निघालेल्या किड्याचे पंख वाकडे राहतात, आणि मादीच्या शरीरातून औषध अंड्यांत उतरले तर अंडी उबतच नाहीत. याचे शेतपातळीवरचे ठळक उदाहरण कॅलिफोर्नियातील आहे. तिथे संत्र्यावरील कापशी खवलेकीड आवरण्यासाठी १८८८ मध्ये ऑस्ट्रेलियातून व्हेडेलिया नावाचा ढालकिडा आणला गेला आणि जैविक नियंत्रणाच्या इतिहासातले ते पहिले मोठे यश ठरले. शंभर वर्षांहून अधिक काळ बहुतांशी आटोक्यात राहिलेली ती कीड १९९० च्या दशकाच्या अखेरीस काही भागांत पुन्हा उसळली, कारण दुसऱ्या एका खवलेकिडीसाठी पायरीप्रॉक्सिफेन आणि ब्युप्रोफेझिनचा वापर सुरू झाला होता. दक्षिण आफ्रिकेतील संत्राबागांतही पायरीप्रॉक्सिफेनमुळे असेच घडले. व्हेडेलियाचे प्रौढ दिसत होते. त्यांची पुढची पिढी तयार होत नव्हती.

म्हणूनच जैविक नियंत्रणाच्या क्षेत्रात आता केवळ मृत्यूदर न मोजता मृत्यू आणि प्रजनन यांचा एकत्रित परिणाम मोजण्याची पद्धत आहे. हिशेब सोपा आहे. समजा, एखाद्या औषधाने १०० पैकी २० ढालकिडे मेले. ८० वाचले. पण वाचलेल्या माद्यांची उबणारी अंडी न फवारलेल्या माद्यांच्या ४० टक्केच राहिली. मग पुढच्या पिढीच्या दृष्टीने उरलेली ताकद ८० गुणिले ०.४, म्हणजे ३२ टक्के. एकूण नुकसान ६८ टक्के. हे आकडे समजावण्यासाठी घेतले आहेत, कोणत्याही एका औषधाचे नाहीत. मात्र केवळ २० टक्के मृत्यू पाहून जे औषध ‘सौम्य’ वाटले असते, ते या हिशेबात सौम्य राहत नाही.

या ६८ टक्क्यांचा अर्थ कपाशीत काय होतो, तो काळाच्या गणितातून कळतो. मावा नराशिवाय प्रजनन करतो, थेट पिल्ले घालतो आणि पावसाळी ढगाळ हवेत त्याचे पिल्लू साधारण आठवड्याभरात स्वतः पिल्ले घालू लागते. ढालकिड्याला अंड्यापासून प्रौढापर्यंत जायला जवळपास तीन आठवडे लागतात. ही शर्यत ढालकिडा एरवीही जेमतेम जिंकतो, आणि तीही त्याच्या अळ्या खादाड असतात म्हणून. अळी दोन-तीन दिवस उशिरा वाढली, तिची भूक कमी झाली आणि अंड्यांची एक फळी वाया गेली, तर माव्याच्या दोन पिढ्या मोकळ्या सुटतात. तुमच्या शेतात दोन आठवड्यांत जे घडले त्याचे हेच सर्वांत संभाव्य कारण मला वाटते. तुडतुड्यांच्या बाबतीत निओनिकोटिनॉइडला आलेली प्रतिकारशक्ती हा वेगळा मुद्दा आहे आणि तोही तितकाच खरा आहे.

डब्यावरील रंगीत त्रिकोणाविषयीचा गैरसमजही इथेच दूर करतो. लाल, पिवळा, निळा आणि हिरवा त्रिकोण हा औषध तोंडावाटे सस्तन प्राण्यांना किती विषारी आहे, हे सांगतो. हिरवा त्रिकोण पाहून ‘हे ढालकिड्याला चालते’ असे समजणे चूक आहे. तसा त्याचा काहीही संबंध नाही. वर उल्लेखिलेली वाढरोधक औषधे माणसाच्या दृष्टीने तुलनेने सौम्य आहेत आणि तरीही ढालकिड्याची पिढी थांबवू शकतात. निंबोळी अर्कालाही हे लागू आहे. त्यातील अ‍ॅझाडिरॅक्टीन कात टाकण्याच्या प्रक्रियेतच अडथळा आणते, आणि जास्त मात्रेत परभक्षी अळ्यांवरही त्याचा परिणाम दिसतो. फरक एवढाच की ५ टक्के निंबोळी अर्क उन्हात काही दिवसांत निष्प्रभ होतो, म्हणून मी तो सुचवतो; ‘जैविक आहे म्हणून निर्धोक’ या समजुतीने नव्हे. घटकांची नावे न छापलेल्या ‘जैविक’ बाटल्यांबद्दल तर काहीच सांगता येत नाही, त्या शेतात आणूच नयेत.

शेतकऱ्याने हे कसे ओळखावे, हा तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. प्रौढ ढालकिडे मोजणे पुरेसे नाही. पीक परिसंस्था विश्लेषणात २ किडींमागे १ मित्रकीटक असेल तर फवारणी टाळावी असा एक ढोबळ निकष वापरला जातो. तो चांगला आहे, पण त्यातील मित्रकीटक काम करणारा आहे हे गृहीत धरलेले असते. नुकत्याच फवारलेल्या शेतात मी तो निकष वापरत नाही. त्याऐवजी अंडी आणि अळ्या पाहतो.

ढालकिड्याची अंडी पिवळी, उभी, दोन्हीकडे निमुळती असतात आणि पानाच्या मागे झुबक्याने घातलेली आढळतात. ज्या पानांवर असे पुंज दिसतील त्यांना फवारणीनंतर दोऱ्याने खूण करावी. निरोगी अंडी उबण्याआधी करडी होतात आणि तीन-चार दिवसांत पांढरी टरफले व शेजारी गोळा झालेल्या काळ्या बारीक अळ्या दिसतात. पाच-सहा दिवसांनीही अंडी पिवळीच असतील किंवा चुरमडली असतील, आणि असे बहुतेक पुंजांत असेल, तर औषधाचा परिणाम झाला असे धरावे. एखाद-दुसरे अंडे न उबणे स्वाभाविक आहे. नुकत्याच निघालेल्या अळ्या ती खाऊनही टाकतात. क्रायसोपाची अंडी केसासारख्या देठावर एकेकटी असतात; ताजी हिरवट, उबण्याआधी गडद आणि उबल्यावर पांढरी व रिकामी. देठावर काळवंडून तशीच राहिलेली अंडी नोंदवावीत.

दुसरी चाचणी भुकेची. फवारणीच्या शेतातून आणि लांबच्या न फवारलेल्या शेतातून सारख्या आकाराच्या काही अळ्या हातमोजे घालून गोळा कराव्यात, प्रत्येक अळी जाळीच्या झाकणाच्या वेगळ्या बरणीत ठेवावी (एकत्र ठेवल्यास त्या एकमेकींना खातात), न फवारलेल्या झाडावरचा मोजलेला मावा द्यावा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी किती उरला ते पाहावे. दोन्ही गटांत फरक असेल तर तो डोळ्यांनीच दिसतो. प्रौढ ढालकिड्याला काडीने उलटा करून पाहणे ही त्याहून झटपट पद्धत आहे: निरोगी किडा लवकर सरळ होतो, बाधित किडा पाय हलवत राहतो.

उपायांत पहिली गोष्ट आर्थिक नुकसान पातळीची, म्हणजे किडीची ज्या संख्येपुढे फवारणी परवडते तिची. कपाशीत मावा आणि फुलकिड्यांसाठी सरासरी १० प्रति पान, तुडतुड्यांसाठी २ ते ३ प्रति पान आणि पांढऱ्या माशीसाठी ८ ते १० प्रति पान ही पातळी राज्याच्या कीड सर्वेक्षणातही वापरली जाते. बीजप्रक्रिया केलेली असेल तर पहिले महिना-सव्वा महिना त्याच गटाचे औषध फवारण्याची गरज सहसा नसते, आणि पुढेही हा गट हंगामात एकदाच ठेवावा. रसशोषक किडींसाठी फ्लोनिकामिड आणि अळ्यांसाठी क्लोरँट्रानिलिप्रोल ही ढालकिडे व क्रायसोपाला तुलनेने सौम्य आहेत. स्पिनोसॅड परभक्ष्यांना बरे, पण परोपजीवी गांधीलमाश्यांना घातक आहे, म्हणून ट्रायकोकार्ड (ट्रायकोग्रामा या परोपजीवी गांधीलमाशीची कार्डे) लावलेल्या शेतात ते त्याच आठवड्यात फवारू नये. वाढरोधक औषधे ढालकिड्यांच्या अळ्या भरात असताना टाळावीत. तीन-चार औषधे एका पंपात मिसळण्याची जी सवय आपल्या भागात रुजली आहे, तिचे मित्रकीटकांवर काय होते याची चाचणी कोणत्याही लेबलमागे झालेली नसते.

बांधावर मका आणि चवळीच्या ओळी असाव्यात, आणि त्यांवर फवारा जाऊ देऊ नये. कपाशी निघाल्यावर ढालकिडे दादर (रब्बी ज्वारी), गहू आणि करडईवर जातात. दादरीवरचा मावा पाहून घाबरून फवारणी करणारे शेतकरी पुढच्या हंगामाची ढालकिड्यांची शिदोरी तिथेच संपवतात, कारण दादरीला त्या माव्याचा त्रास बहुतेक वेळा फवारणीइतका नसतोच. रावेर-यावलकडील केळी बागायतदारांसाठी एक वाक्य जोडतो: हरण्या रोगाचा विषाणू मावा काही क्षणांत झाडात सोडतो, त्यामुळे माव्यावर वारंवार औषध फवारून रोग थांबत नाही, बाधित झाडे उपटणे आणि बागेत व आसपास काकडीवर्गीय पिके व तण न ठेवणे याला जास्त महत्त्व आहे.

तुमच्या शेतात आता काय करावे, ते सांगतो. वीस झाडे निवडून प्रत्येकाची वरचे, मधले आणि खालचे असे एकेक पान पाहा आणि सरासरी काढा. मावा १० च्या खाली असेल आणि ढालकिड्याच्या किंवा क्रायसोपाच्या अळ्या दिसत असतील तर चार-पाच दिवस थांबून पुन्हा मोजा. पातळी ओलांडली असेल तर सगळ्या क्षेत्रावर पंप न चालवता, मावा ज्या पट्ट्यांत आणि कडांना जास्त आहे तेवढ्याच भागात लेबलवरील मात्रेने फ्लोनिकामिड एकटेच फवारा, संध्याकाळी फवारा, आणि निओनिकोटिनॉइड या हंगामात पुन्हा घेऊ नका. क्रायसोपाच्या अळ्या विकत आणून सोडायच्या असतील तर मागच्या फवारणीनंतर किमान दोन आठवडे जाऊ द्या, नाहीतर तो खर्च वाया जातो. फ्लोनिकामिडने मावा लगेच गळून पडत नाही. तो खाणे थांबवतो आणि उपासमारीने मरतो, त्यामुळे दोन-तीन दिवस पानावर तसाच दिसत राहतो. औषध लागू पडले नाही असे समजून तेवढ्यात दुसरी फवारणी करू नका. मोजणी पाचव्या दिवशी करा आणि त्याच फेरीत दोरा बांधलेल्या पानांवरची अंडीही पाहून घ्या.